नंबरप्लेट ते चेसिस नंबर : गाडी कशी ओळखावी

पालक-दिनाला शाळेचं मागचं मैदान गाड्यांनी भरून जातं. पार्किंगची ड्यूटी माझ्याकडे आणि नववीच्या काही कॅडेट्सकडे असते. मुलं तिथे दर वर्षी एक खेळ खेळतात. गाडी फाटकातून आत आली की पाटी वाचायची आणि ती कुठली ते ओरडून सांगायचं. "आरजे १४, जयपूर!" "केए २२, बेळगाव!" "एमएच ०९, कोल्हापूर!" कोल्हापूरची गाडी आली की आपली मराठी मुलं जरा जास्तच मोठ्याने ओरडतात.

या वर्षी एका कॅडेटने वडिलांचा मोबाईल हातात घेतला, एका गाडीचा नंबर ॲपमध्ये टाकला आणि धडाधड वाचून दाखवलं. मॉडेल अमुक, इंधन डिझेल, नोंदणी २०१९ची, विमा अजून चालू. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, पाटी टाकली की गाडीची सगळी कुंडली निघते. मग वर्कशॉपच्या तासाला तुम्ही आम्हाला चेसिस नंबर शोधायला गाडीखाली कशाला झोपवता?"

प्रश्न चांगला होता. त्याला म्हटलं, उत्तर मराठी पानावर लिहीन. कारण हेच उत्तर शिकायला मला एकदा २ लाख ८५ हजार रुपये मोजावे लागले होते.

पाटी काय सांगते

आधी पाटी नीट वाचू. समजा पाटीवर आहे "एमएच ११ एबी १२३४". पहिली दोन अक्षरं राज्याची. पुढचे दोन अंक नोंदणी कार्यालयाचे, म्हणजे ११ हे साताऱ्याचं आरटीओ. नंतरची अक्षरं मालिकेची आणि शेवटचे चार अंक त्या मालिकेतला अनुक्रमांक. राज्याची अक्षरंही कायमची नसतात. उत्तराखंडचं यूए होतं, त्याचं यूके झालं. ओडिशाचं ओआर होतं, त्याचं ओडी झालं. तेलंगणाने २०२४ मध्ये टीएस सोडून टीजी घेतलं.

पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची किंवा मालवाहू. हिरवी पाटी विजेवर चालणाऱ्या गाडीची. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली तर नोंदणी तात्पुरती आहे, आणि लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी अजून विक्रेत्याकडेच आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी "बीएच" मालिकेची पाटी असेल. ही २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात आधी वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक आणि शेवटी अक्षरं येतात. बदलीवर फिरणाऱ्या फौजी कुटुंबांना हिचा मोठा फायदा आहे. साध्या पाटीची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या ४७व्या कलमाप्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बीएच पाटीला ते लागत नाही.

दहावीतल्या एका कॅडेटच्या घरची गाडी आधी नागपूरला एमएच ३१ होती, मग जबलपूरला एमपी २०, आणि आता जालंधरला पीबी ०८ आहे. तीन पाट्या झाल्या, गाडी मात्र एकच. म्हणजे पाटी हा गाडीचा सध्याचा पत्ता आहे. माणूस घर बदलतो तशी गाडी पाटी बदलते. तिची ओळख दुसरीकडे, लोखंडात असते.

ॲपमध्ये काय दिसतं आणि काय झाकलेलं असतं

देशभरातल्या आरटीओंची नोंदणी आता "वाहन" नावाच्या एका मोठ्या संगणकीय नोंदवहीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर मोबाईल नंबरने लॉगिन करून कोणत्याही पाटीचा नंबर टाकता येतो. मग नोंदणी कार्यालय, नोंदणीची तारीख, गाडीचा वर्ग, कंपनी व मॉडेल, इंधन, प्रदूषणाचं मानक, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत, हे समोर येतं.

मालकाचं नाव मात्र मधली अक्षरं झाकून दिसतं, आणि चेसिस व इंजिन नंबरही पूर्ण दिसत नाहीत. मुलांना ही अडचण वाटते. मला ती व्यवस्था योग्य वाटते. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या कोणालाही तुमच्या आईचं नाव आणि घर कळता कामा नये. पूर्ण चेसिस नंबर बाहेर फुटला, तर त्यावर दुसऱ्या गाडीचे खोटे कागद तयार करणंही सोपं होतं.

मग पूर्ण नंबर कुठे मिळतो? तो मालकाच्या आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवर असतो आणि मालकाच्या डिजिलॉकरमधल्या आरसीवरही असतो. डिजिलॉकरमधली आरसी कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. थोडक्यात, पाटीवरून तुम्ही नोंदीपर्यंत पोहोचता. नोंदीतला पूर्ण नंबर मालकाने दाखवायचा असतो. आणि तो ज्या लोखंडावर मारलेला आहे, ते लोखंड तुम्ही स्वतः पाहायचं असतं.

एक गोष्ट शिस्तीची. अनोळखी माणसाची पाटी गंमत म्हणून शोधत बसू नका. अपघात करून कोणी पळालं तर पाटीचा नंबर, वेळ, गाडीचा रंग आणि ती कोणत्या दिशेला गेली एवढं लिहून ठेवा आणि ११२ वर कळवा. मालक शोधणं पोलिसांचं काम आहे.

माझी जीप

मी ईएमईमध्ये वाहन मेकॅनिक होतो. सैन्याच्या गाड्यांची दुरुस्ती हे या कोअरचं काम, आणि १९४३ पासून ती हे काम करते आहे. वीस वर्षं मी रोज चेसिस नंबर वाचले. गाडी वर्कशॉपमध्ये आली की जॉबकार्ड भरायचं, आणि जॉबकार्डवर चेसिस नंबर लोखंडावरून वाचूनच लिहायचा, आधीच्या कागदावरून उतरवायचा नाही, असा आमच्या उस्तादांचा दंडक होता. एकदा मी तो उतरवला, तर त्यांनी कार्ड फाडून हातात दिलं होतं.

२०१८ मध्ये निवृत्त होऊन घरी आलो. धाकट्या भावाचा दुधाचा धंदा होता. पहाटे वाड्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करून डेअरीवर पोहोचवायचे, तेही मोटारसायकलवर. पेन्शनचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, याला एक जुनी डिझेल जीप घेऊन द्यायची. तालुक्याच्या गावात एक गाडी दिसली. मी पाटीचा नंबर मोबाईलवर टाकला. मॉडेल जुळलं, वर्ष जुळलं, इंधन जुळलं. इंजिनाचा आवाज ऐकला, तो खणखणीत होता. विमा संपून चौदा महिने झाले होते, हे स्क्रीनवर दिसत होतं. विकणारा म्हणाला, "गाडी उभीच होती." मला ते पटलं. इसार दिला आणि चार दिवसांत उरलेले पैसे दिले.

नावावर करायला आरटीओत गेलो. तिथे चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि त्याची छाप घेतात. इन्स्पेक्टर साहेबांनी छाप उजेडाकडे धरली, पुन्हा गाडीपाशी गेले, रॉकेलच्या फडक्याने लोखंड पुसलं आणि मला बोलावलं. पहिली अकरा अक्षरं खोल आणि एका ओळीत होती. शेवटचे सहा अंक उथळ होते, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतं आणि त्याखालचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं होतं.

साहेब म्हणाले, "फौजी, गाडी बघून घेतली का मोबाईल बघून?"

त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जीप पोलीस ठाण्याच्या आवारात जमा झाली. घरी आल्यावर भाऊ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तू तर याच कामात होतास ना?" पुढची दोन वर्षं तो मोटारसायकलवरूनच कॅन नेत होता.

कॅडेट मित्रांनो, नोंद खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. पाटी ज्या गाडीची होती ती गाडी खरोखर होती. पण ती एका मोठ्या अपघातात चुरडून भंगार झाली होती. तिचे कागद मात्र कोणीतरी जपून ठेवले. मग त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची एक गाडी चोरली, तिचे शेवटचे सहा अंक घासून काढले आणि त्या जागी भंगार गाडीचे अंक ठोकले. वर पाटी लावली. ॲपने मला खरंच सांगितलं, पण ते दुसऱ्याच गाडीबद्दल. आणि पहिली अकरा अक्षरं बदलायची गरज का पडली नाही, ते आता पाहू.

सतरा घरं

चेसिस नंबरला जगभर वाहन ओळख क्रमांक म्हणतात. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. घेतलेल्या गाडीच्या नंबरात यांपैकी एखादं अक्षर दिसलं, तर एक तर तुम्ही चुकीचं वाचलंय किंवा नंबर बनावट आहे. या सतरा घरांचे तीन भाग करायचे.

पहिली तीन घरं बनवणाऱ्याची. एम-ए पासून एम-ई पर्यंतच्या जोड्या भारताला दिलेल्या आहेत. तिसऱ्या अक्षरासह कंपनी कळते. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा, एमएएल ह्युंदाई. दुचाकींमध्ये एमबीएल हिरो, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस. ही सात एवढी लक्षात ठेवलीत तरी रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या तुमच्या ओळखीच्या होतील.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतची सहा घरं गाडीच्या वर्णनाची. बॉडीचा प्रकार, इंजिन, इंधन, गिअरबॉक्स असं काय काय त्यात असतं. याची किल्ली प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून एका कंपनीचा अर्थ दुसरीला लावू नका. उत्तर अमेरिकेत नववं घर तपासणी-अंकाचं असतं. बाकीच्या अंकांना ठरलेल्या वजनांनी गुणून बेरजेला ११ ने भागायचं, आणि जी बाकी उरेल तीच नवव्या घरात हवी. बाकी १० उरली तर तिथे एक्स लिहितात. आपल्याकडे हे सक्तीचं नाही, त्यामुळे भारतीय गाडीला हे गणित लावून ती खोटी ठरवू नका.

दहाव्यापासून सतराव्यापर्यंतची आठ घरं त्या एका गाडीची. बऱ्याच कंपन्या दहाव्या घरात वर्ष लिहितात. ए म्हणजे २०१०, बी २०११, आणि असंच पुढे सी, डी, ई, एफ, जी करत एच २०१७. आय गाळायचा, म्हणून जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. ओ गाळून पी २०२३. क्यू गाळून आर २०२४ आणि एस २०२५. हे चक्र तीस वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून १९८० ची गाडीही ए च दाखवेल. अकरावं घर बहुधा कारखान्याचं असतं, आणि शेवटचे अंक त्या कारखान्यातून निघालेल्या गाडीचा अनुक्रमांक सांगतात. वर्षाची खात्री मात्र केवळ या अक्षरावर ठेवू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते ताडून पाहा.

आता माझ्या जीपचं कोडं सुटेल. कंपनी एक, मॉडेल एक, वर्ष एक आणि कारखानाही एक. म्हणून दोन्ही गाड्यांची पहिली अकरा घरं सारखीच होती. फरक फक्त शेवटच्या सहा अंकांत होता, आणि चोराने तेवढेच बदलले. माणसाचा घोटाळा बहुतेक वेळा शेवटच्या सहा घरांत सापडतो. तिथे बोट फिरवून पाहा.

नंबर कुठे शोधायचा

सर्वसाधारण संकेत असा की नंबर गाडीच्या उजव्या बाजूला, शक्यतो पुढच्या अर्ध्या भागात असावा. मोटारसायकलला तो हँडलखालच्या नळीवर असतो. हँडल डावीकडे पूर्ण वळवा म्हणजे दिसेल. कारमध्ये बॉनेट उघडल्यावर काचेखालच्या आडव्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली, गालिचाच्या झाकणाआड तो सापडतो. दाराच्या खांबावरच्या छोट्या पट्टीवरही तो छापलेला असतो. पण पट्टी उचकटून दुसरी लावता येते, म्हणून लोखंडावरचाच वाचा. ट्रक, पिकअप आणि जीपला उजव्या बाजूच्या लांब पट्टीवर, बहुधा पुढच्या चाकाजवळ, चिखलाखाली लपलेला असतो. म्हणून तुम्हाला गाडीखाली झोपवतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२वा नियम सांगतो की ओळख क्रमांक गाडीवर ठोकून, कोरून किंवा उठवून असला पाहिजे आणि त्यातून उत्पादनाचा महिना-वर्षही कळलं पाहिजे. म्हणजे हा नंबर रंगाने लिहिलेला कधीच नसतो.

वाचताना चार गोष्टी करा. एक, रॉकेलच्या फडक्याने आणि नरम ब्रशने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर तुम्हीच पुरावा घालवाल. दोन, पातळ कागद धरून पेन्सिलची छाप घ्या. तीन, अक्षरांची खोली, ओळ आणि अंतर पाहा. कारखान्याचं यंत्र एकसारखा ठसा मारतं, हातोड्याने ठोकलेले पंच तसे बसत नाहीत. चार, नंबराच्या भोवतालचा रंग पाहा. बाकी पट्टी जुनी आणि तेवढीच जागा नव्या रंगाची असेल, तर तिथे थांबा. वेल्डिंगची रेघ दिसली तरी थांबा.

हाय सिक्युरिटी पाटीही याच साखळीतली एक कडी आहे. ती ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम असतं आणि डावीकडे खाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो. ती न उघडणाऱ्या कुलपांनी बसवतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती बसवूनच येते. पाटी नट-बोल्टने सैल लावलेली दिसली तर का, ते विचारा.

तपशील का जुळवायचे

पाटीवरून नोंद मिळाली, नंबरही जुळला. आता नोंदीतले तपशील गाडीशी जुळवायचे. आरसीवर इंजिनाची क्षमता घन सेंटिमीटरमध्ये, सिलिंडरची संख्या, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन, बसण्याच्या जागा आणि मालवाहू गाडी असेल तर भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. ते टेपने मोजता येतं. सीट मोजता येतात. रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवता येते.

प्रदूषणाचं मानकही एक चांगली साक्ष आहे. बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं आणि बीएस ६ हे १ एप्रिल २०२० पासून. त्यानंतर नोंदलेल्या नव्या कारवर बीएस ४ दिसलं तर कागद पुन्हा वाचा.

फौजेत हे तपशील जिवाशी येतात. लष्करी गाडीच्या पुढच्या भागावर पिवळी गोल चकती आणि तिच्यात एक आकडा तुम्ही पाहिला असेल. तो गाडीचा भारवर्ग असतो. पुलाचा वर्ग त्याहून कमी असेल तर गाडी पुलावर घालायची नाही. मॉडेलचं नाव माहीत असून भागत नाही, समोर उभ्या असलेल्या गाडीचं वजन माहीत असावं लागतं.

लष्करी गाडीची पाटीही वेगळी असते. तिच्यावर वर टोक असलेला बाण असतो आणि सोबतचे दोन अंक गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. पुढे अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी पुन्हा अक्षर. या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या ६०व्या कलमाखाली स्वतंत्र अधिकाऱ्याकडे होते, म्हणून त्या नागरी आरटीओच्या नोंदीत नसतात. त्यांचे नंबर टिपून ठेवणं, फोटो काढून पाठवणं हे कॅडेटला शोभत नाही. इथे आपली उत्सुकता फाटकाबाहेर ठेवायची.

लोखंडाची आठवण

जीपचं पुढे काय झालं, ते मुलं नेहमी विचारतात. पोलिसांनी ती न्यायवैद्यक तपासणीला दिली. नंबर ठोकताना पंचाच्या खालचं लोखंड दाबलं जातं आणि त्याची आतली रचना काही खोलीपर्यंत बदलते. वरचा थर घासला तरी खालचा दाबलेला भाग तसाच राहतो. त्यावर आम्लयुक्त रसायन लावलं की दाबलेलं आणि न दाबलेलं लोखंड त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतं आणि पुसलेले अंक पुन्हा उमटतात. माझ्या जीपवर असेच जुने सहा अंक उमटले. त्यावरून खरा मालक सापडला. शेजारच्या जिल्ह्यातला भाजी वाहणारा माणूस होता. वर्षभर दुसऱ्याच्या टेम्पोवर मजुरी करत होता.

गाडी ताब्यात घ्यायला तो आला त्या दिवशी मी ठाण्यात होतो. त्याने सीटवर हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. काय बोलावं त्याला सुचेना, मलाही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, इंजिनचं काम तुम्ही केलंय का? आवाज छान येतोय." मी हो म्हटलं. माझे पैसे गेले ते गेले. पण त्या माणसाची गाडी त्याला मिळाली, आणि ती मिळाली लोखंडावरच्या नंबरामुळे. पाटीच्या भरवशावर ती कधीच मिळाली नसती.

म्हणून पालकांनाही सांगतो. जुनी गाडी घेताना पाटीवरून नोंद जरूर बघा, ती फुकट आणि दोन मिनिटांत मिळते. विमा मध्येच तुटलेला असेल तर कारण विचारा. कर्ज बाकी असल्याची नोंद असेल तर बँकेचं ना हरकत पत्र मागा. पण इसार देण्याआधी मालकाच्या हातून मूळ आरसी घ्या, गाडीखाली वाका आणि सतराच्या सतरा अक्षरं बोट ठेवून वाचा. मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि दुसऱ्या राज्यात न्यायची तर फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यावरही पेन्सिलची छाप द्यावीच लागते. मग ती छाप पैसे देण्याआधीच का घेऊ नये?

सुट्टीतला सराव

१. घरच्या गाडीचा किंवा मोटारसायकलचा चेसिस नंबर लोखंडावर शोधा. आई-वडिलांच्या परवानगीने पेन्सिलची छाप घ्या.

२. छाप आणि आरसी समोरासमोर ठेवून सतरा घरं जुळवा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची.

३. पहिल्या तीन घरांवरून कंपनी आणि दहाव्या घरावरून वर्ष काढा. आरसीवरच्या उत्पादनाच्या वर्षाशी ते जुळतं का पाहा.

४. टेपने व्हीलबेस मोजा आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडा. आरसीवर तो बहुधा मिलिमीटरमध्ये असतो.

५. छापेचा कागद इथे आणू नका. तो घरीच, आरसीजवळ ठेवा. मला फक्त हे सांगा की नंबर तुम्हाला कुठे सापडला आणि शोधायला किती वेळ लागला.

ज्याने मला तो प्रश्न विचारला, त्या कॅडेटने पहिला सराव पालक-दिनालाच केला. वडिलांच्या गाडीच्या पुढच्या सीटखालचं झाकण उघडायला त्याला वीस मिनिटं लागली. वडील बाजूला उभे होते. म्हणाले, "सहा वर्षं झाली गाडी घेऊन. मीही हा नंबर आज पहिल्यांदाच पाहतोय."